लाल पेन्सिल कुणाच्या हातात?

लग्न वैशाखात होतं. पेन ड्राइव्ह ज्येष्ठात हाती पडतो. ‘निवडून नंबर पाठवा, लगेच अल्बमला घेतो,’ असं फोटोग्राफर सांगून जातो. मग मंगळागौर होते, दिवाळसण होतो, संक्रांतीला हलव्याचे दागिने घालून नव्याने फोटो काढून होतात. लग्नाचे नंबर काही जात नाहीत. बारशाला फोटोग्राफर ठरवायची वेळ येते तेव्हा त्याच माणसाला फोन करायचा संकोच वाटायला लागतो, कारण त्याचा पहिला प्रश्न काय असणार हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या कुणाशीही बोला, ही तक्रार निघतेच. पैशांचा शेवटचा हप्ता बहुधा अल्बम हातात दिल्यावर मिळायचा असतो, तोही अडकून पडतो. डिझायनरकडे फोल्डर नुसतं पडून राहतं. दोष तसा कुणाचाच नाही. ट्रॅडिशनलवाला वेगळा, कँडिडवाला वेगळा, वर ड्रोन. हळद, सीमांतपूजन, लग्न, रिसेप्शन धरून फोटो काही हजारांच्या घरात जातात. त्यातून करिझ्मा अल्बमसाठी दोनएकशे निवडायचे असतात. नवरी रात्री लॅपटॉप घेऊन बसते, अक्षतांपर्यंत पोचते, तिथे एकाच क्षणाचे चाळीस फोटो दिसतात आणि ती लॅपटॉप मिटते. दुसऱ्या दिवशी बसली की पुन्हा हळदीपासून सुरुवात.

या दुखण्यावर एक जुना इलाज होता. तो कागदावर होता आणि धंद्यात त्याला सगळे नुसतं ‘कॉन्टॅक्ट’ म्हणत. ‘कॉन्टॅक्ट काढून ठेव, पार्टी उद्या येणार आहे’ एवढं सांगितलं की डार्करूममधल्या पोराला कळत असे. अख्खा रोल एका कागदावर, निगेटिव्हच्याच मापात छापायचा. मग तो कागद समोर ठेवून, लाल पेन्सिल हातात घेऊन ठरवायचं, कुठला फोटो मोठा करायचा आणि कुठल्यावर फुली मारायची.

खरं तर फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या कित्येक वर्षांत कागदावरचे बहुतेक सगळे फोटो कॉन्टॅक्टच होते. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. त्या काळी काचेची प्लेट जेवढी, तेवढाच फोटो. प्लेट आणि कागद एका चौकटीत घट्ट बसवून उन्हात ठेवायचे आणि चित्र उमटलं की उचलायचे. फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांचे ते भव्य राजवाडे आणि शिकारीचे देखावे पाहताना हे ध्यानात ठेवावं: फोटो मोठा, म्हणजे कॅमेराही तेवढाच मोठा, आणि तो वाहून नेणारी माणसंही तेवढीच. निगेटिव्हवरून फोटो मोठा करणारे विजेवरचे एन्लार्जर सर्रास झाले आणि १९२५ साली लायका बाजारात आला, तेव्हा निगेटिव्ह एकदम आक्रसली. चोवीस बाय छत्तीस मिलिमीटरची चौकट, त्यात काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. नवरदेवाचे डोळे मिटलेत की उघडे, हे त्यावरून कुणाला कळणार? म्हणून आधी सगळ्या रोलचा एक कागद काढायची रीत पडली.

हे काम शिकाऊ पोराकडे दिलं जाई, कारण ते सोपं वाटतं. रोल धुऊन, वाळवून झाला की सहा-सहा चौकटींच्या पट्ट्या कापायच्या. लाल दिव्याखाली आठ बाय दहा इंचाचा ब्रोमाइड कागद ठेवायचा, चकचकीत बाजू वर. त्यावर पट्ट्या मांडायच्या, मंद बाजू खाली. वर जाड काच. निगेटिव्हची मंद बाजू म्हणजे इमल्शनची, प्रकाश टिपणाऱ्या लेपाची बाजू. ती कागदाच्या इमल्शनला भिडली नाही, मध्ये हवा राहिली, की चित्र मऊ पडतं. पट्टी उलटी मांडली गेली तर डावं-उजवं बदलतं. आपल्याकडे हे पकडायला सोपं असतं, पदर एकदम उजव्या खांद्यावर गेलेला दिसतो. (गुजराती पद्धतीची साडी असेल तर मात्र फसगत.) मग एन्लार्जरचा दिवा काही सेकंद, आणि कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये. ट्रे हलकेच हलवत राहायचा. आधी पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागा काळ्या होतात, मग फिल्मच्या कडांवरचे आकडे आणि कंपनीचं नाव पांढरं उठून दिसतं, मग चौकटींमध्ये माणसं यायला लागतात, कुठे आधी, कुठे उशिरा. दीड-दोन मिनिटांत सगळा रोल समोर. तिथून स्टॉप बाथ, चित्र पक्कं करणारा हायपो, आणि वाहत्या पाण्यात धुणं.

यात एक गंमत आहे, ती हिशेबाची. फिल्मची पट्टी ३५ मिलिमीटर रुंद. सहा पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या की २१० मिलिमीटर होतात, आणि आठ इंच म्हणजे फक्त २०३. त्यामुळे छत्तीसचा रोल आठ-बाय-दहावर अगदी ओढूनताणून बसतो. पट्ट्यांची भोकं एकमेकांवर चढतात किंवा कडेची भोकं कागदाबाहेर जातात. जुन्या कॉन्टॅक्ट शीट पाहिल्या की वरची किंवा खालची ओळ कापल्यासारखी दिसते, त्यामागे कलात्मक वगैरे काही नाही. काही काटेकोर लोक पाच-पाचच्या सात पट्ट्या कापत. त्या कागदावर नीट बसतात, शेवटची चौकट फक्त उरते. १२० च्या रोलची, म्हणजे चौकोनी फोटोंची गोष्ट सुटसुटीत होती: तीन-तीनच्या चार पट्ट्या, बारा फोटो, वर लिहायला थोडी जागा.

दुसरी बाब प्रामाणिकपणाची. कॉन्टॅक्टला प्रकाश किती द्यायचा याचा एक नियम आहे: फिल्मची कोरी, पारदर्शक कड कागदावर जेमतेम पूर्ण काळी होईल एवढाच. त्याहून जास्त नाही, कमी नाही. असा कागद काढला की रोल खरं बोलतो. ज्या चौकटीला कॅमेऱ्यात प्रकाश कमी मिळाला ती काळपट येते, जास्त मिळाला ती फिकट येते, आणि फोटोग्राफरचं त्या दिवशी कुठे काय चुकलं हे वाचता येतं. पण पार्टीला दाखवायचा कागद असा कोरडा खरा द्यायची छाती फार थोड्यांची. काळपट चौकटींवर हाताने आडोसा धरायचा, फिकट चौकटींना दोन सेकंद जास्त द्यायचे, सगळा कागद एकसारखा गोजिरा करायचा आणि मगच गिऱ्हाइकासमोर ठेवायचा, ही धंद्याची रीत. माझ्या मते यात गैर काही नाही, फक्त असा सजवलेला कागद स्वतःच्या फाइलला लावू नये. स्वतःसाठी खरा, पार्टीसाठी नटवलेला, असे दोन काढावेत.

हे कागद कुणाकडे जात? जाहिरात कंपनीच्या आर्ट डायरेक्टरकडे, मासिकाच्या संपादकाकडे, सिनेमाच्या निर्मात्याकडे. दामोदर कामत यांनी सुरू केलेल्या मुंबईच्या कामत फोटो फ्लॅशने शेकडो हिंदी चित्रपटांचं स्टिल फोटोग्राफीचं काम केलं. स्टिल फोटोग्राफर सेटवर प्रत्येक प्रसंगाचे फोटो काढी, त्यातून निवड होऊन लॉबी कार्ड, बुकलेट आणि वर्तमानपत्री जाहिराती बनत. दिवाकर करकरे यांच्यासारखे पोस्टर-चित्रकार अशा स्टिल्सवरूनच काम करत. म्हणजे थिएटरबाहेर आपण मान वर करून जो अमिताभ पाहिला, तो कधीतरी कुणीतरी लहानशा चौकटीत भिंग लावून निवडलेला होता.

घरगुती गिऱ्हाइकाला अख्खी शीट क्वचित मिळे. त्याला कॉन्टॅक्ट कापून मिळत. अनेक मराठी घरांतल्या जुन्या अल्बममध्ये काळ्या पानांवर कोपऱ्यांत खोचलेले सव्वादोन इंची चौकोनी फोटो आहेत, पांढरी किनार, कधी कडा नागमोडी. ॲग्फाच्या क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्यांनी काढलेल्या बारा फोटोंच्या रोलचे ते कॉन्टॅक्ट. स्टुडिओवाला विचारी, ‘यातला एन्लार्ज कुठला करायचा?’ आणि वडील भिंतीवर लावायला एखादाच निवडत. कारण एन्लार्जमेंटला पैसे पडत. मागच्या बाजूला शिक्का आणि निगेटिव्हचा नंबर असे. निगेटिव्ह स्टुडिओच्या ताब्यात राही, पुन्हा कॉपी हवी तर त्याच दारात जायचं.

विलायतेत स्टुडिओवाले याहून हुशार होते. ते गिऱ्हाइकाला पसंतीसाठी जे प्रूफ देत ते उन्हाने उमटणाऱ्या कागदावर, आणि मुद्दाम हायपोत न बुडवलेले. असा प्रूफ उजेडात ठेवला की हळूहळू काळा पडत जातो. फुकटात ठेवून घ्यायची सोयच नाही, पसंत करा आणि पैसे देऊन पक्की प्रत घ्या. आज फोटोवर आडवा वॉटरमार्क टाकून व्हॉट्सॲपवर नमुने पाठवणाऱ्यांनी हे पूर्वज ओळखावेत.

*

निवड म्हणजे काय चीज आहे, हे कळायला जगातल्या काही गाजलेल्या शीट पाहाव्यात. रॉबर्ट फ्रँकने १९५५-५६ मध्ये गुगेनहाइम फेलोशिपच्या पैशांवर अमेरिका पालथी घातली. ७६७ रोल, सुमारे २७,००० फोटो. ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात त्यांतले आले ८३. म्हणजे सव्वातीनशेतून एक. फ्रँक मोठा फोटोग्राफर होता यात वादच नाही, पण उरलेले बाजूला ठेवणारा फ्रँक त्याहून मोठा होता असं मला वाटतं. ते पुस्तक रस्त्यावर जेवढं झालं, तेवढंच शीटवरच्या लाल खुणांमध्ये झालं.

डायअ‍ॅन आर्बसने १९६२ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये हातात खेळण्यातला बॉम्ब घेतलेल्या मुलाचा फोटो काढला. बोटं आकडल्यासारखी, चेहरा भेसूर. त्याची कॉन्टॅक्ट शीट नंतर प्रसिद्ध झाली आणि बाकीच्या चौकटी लोकांसमोर आल्या. त्यांत तो चारचौघांसारखा पोरगा आहे, कमरेवर हात ठेवून उभा राहतो, हसतो. आर्बसने नेमकी ती एकच चौकट उचलली. हा फोटो खोटा आहे का? नाही, तो क्षण घडलाच होता. पण त्या मुलाला किंवा त्याच्या आईला पेन्सिल दिली असती तर त्यांनी ही चौकट हमखास खोडली असती. आणि मग एक श्रेष्ठ फोटो आपल्याला दिसलाच नसता. दोन्ही खरं आहे, आणि मला यातलं एक टाकून दुसरं घेता येत नाही.

क्यूबात उलटं झालं, तिथे फोटो हेरला फोटोग्राफरने आणि नाकारला गिऱ्हाइकाने. ५ मार्च १९६० रोजी हवानात ‘ला कूब्र’ जहाजाच्या स्फोटात मेलेल्यांची शोकसभा होती. ‘रेव्होलुसिओन’ या दैनिकासाठी गेलेल्या अल्बेर्तो कोर्दाच्या त्या रोलवर फिदेल कास्त्रो आहे, पाहुणे आलेले सार्त्र आणि सिमोन द बोव्हार आहेत, आणि क्षणभर व्यासपीठाच्या कडेला आलेला चे गेव्हारा आहे. त्याचे दोनच फोटो, एक आडवा, एक उभा. आडव्यात एका बाजूला दुसऱ्या माणसाचा चेहरा, एका बाजूला माडाच्या झावळ्या. दैनिकाने त्या बातमीत चेचा फोटो घेतलाच नाही. कोर्दाने दोन्ही बाजू कापून एक प्रत स्वतःच्या स्टुडिओत लावली, ती तिथे काही वर्षं राहिली. १९६७ साली इटालियन प्रकाशक फेल्त्रिनेल्ली तिच्या प्रती घेऊन गेला आणि चे मारला गेल्यावर तो चेहरा पोस्टरवर, टी-शर्टवर, आपल्याकडच्या रिक्षांच्या मागच्या काचांवरही पोचला. संपादकाची निवड चुकली असं आज म्हणणं सोपं आहे. त्या दिवशीच्या बातमीला फिदेलच हवा होता, हेही तितकंच बरोबर.

मॅग्नम ही फोटोग्राफरांची सहकारी संस्था १९४७ साली निघाली. तिच्या कामकाजाचा कणा कॉन्टॅक्ट शीटच होती. तिचे फोटोग्राफर जगभर, कार्तिए-ब्रेसाँ भारतात, कापा आणखी कुठे; रोल विमानाने पॅरिसला किंवा न्यूयॉर्कला जात, तिथे ते धुतले जात, कॉन्टॅक्ट निघत, संपादक खुणा करत आणि मासिकांकडे पाठवत. फोटो काढणाऱ्याला आपण काय टिपलं हे कित्येकदा सगळ्यांत शेवटी कळे. ३० जानेवारी १९४८ रोजी कार्तिए-ब्रेसाँ दिल्लीच्या बिर्ला हाऊसमध्ये गांधीजींना भेटला, त्यांना आपल्या प्रदर्शनाचं पुस्तक दाखवलं आणि निघाला. थोड्याच वेळात गोळ्या झाडल्या गेल्या. पुढचे दिवस त्याने त्या शोकाचे आणि अंत्ययात्रेचे फोटो घेतले. छापून आलेले फोटो आपण वेगवेगळे पाहतो. शीटवर ते काढले त्या क्रमाने लागोपाठ असतात. कार्तिए-ब्रेसाँला शीट परक्यांना दाखवायला आवडत नसे, आणि ते समजण्यासारखं आहे. स्वयंपाकघरातला पसारा पाहुण्यांना कोण दाखवतं?

या सगळ्यांत माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची शीट मात्र मेरिलिन मन्रोची आहे. जून १९६२ च्या अखेरीला फोटोग्राफर बर्ट स्टर्न याने ‘व्होग’ मासिकासाठी लॉस एंजेलिसच्या बेल-एअर हॉटेलात तिचे फोटो काढले. काही बैठकी, अडीच हजारांवर फोटो. त्यांतल्या काही कॉन्टॅक्ट शीट आणि ट्रान्सपरन्सी (रंगीत पॉझिटिव्ह फिल्म) तिच्याकडे पसंतीला गेल्या. तिने केशरी मार्करने नको त्या फोटोंवर फुल्या मारल्या. ट्रान्सपरन्सीवर मार्करने भागलं नाही तिथे केसातल्या पिनेने ओरखडून त्या कायमच्या बाद केल्या. ऑगस्टमध्ये ती गेली. वीस वर्षांनी, १९८२ साली, स्टर्नने पुस्तक काढलं आणि त्यात तिने फुली मारलेले फोटोही छापले, फुलीसकट.

आज त्या फुलीवाल्या फोटोंना जास्त भाव आहे. मरणाच्या आधी स्वतःलाच खोडणारी नटी, असं त्यांचं वर्णन होतं, प्रदर्शनात ते मोठे करून लावले जातात. मला हे पटत नाही. त्या फुलीचा अर्थ तिच्या लेखी एकच होता: हा छापू नका. ती गिऱ्हाईक म्हणून बोलत होती, आपल्या चेहऱ्याची मालकीण म्हणून बोलत होती, आणि मागे राहिलेल्या फोटोग्राफरने त्या नकाराचीच शोभेची वस्तू करून टाकली. कॉन्टॅक्ट शीट पार्टीच्या हातात देताना फोटोग्राफर एक अबोल वचन देत असतो, की तू फुली मारशील तो फोटो बाहेर जाणार नाही. स्टर्नचे फोटो अप्रतिम आहेत. वचन मोडलं ते मोडलंच.

आपल्या कायद्याने तर हे वचन पाळायला अधिक आधार दिलेला आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १७ सांगतं, की कुणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढायला सांगणारा, करारात वेगळं ठरलं नसेल तर. लग्नाचे फोटो याच सदरात येतात. नवरीचा हळदीतला फोटो विचारल्याशिवाय इन्स्टाग्रामवर टाकणाऱ्या फोटोग्राफरांना हे ठाऊक नसतं, आणि पैसे मोजणाऱ्या यजमानांनाही नसतं. मॅग्नमची मंडळी हक्क स्वतःकडे राखण्यासाठीच एकत्र आली होती. तिथे मासिक विकत घेणारं होतं आणि तसा करार होता. आपल्या मांडवात करारच नसतो, फक्त ‘दादा, छान काढा’ एवढं बोलणं असतं.

*

कॉन्टॅक्ट शीट मेली कशी, हे थोडक्यात सांगता येतं. रंगीत फोटो आले आणि गल्लोगल्ली कलर लॅब निघाल्या. रोल टाकला की छत्तीसच्या छत्तीस पोस्टकार्ड साइज प्रिंट तासाभरात मिळायला लागल्या, मग निवडायचं कशाला? लॅबवाले पाकिटात एक इंडेक्स प्रिंट घालत, बारीक चित्रांचा एक कागद, तो बहुतेकांनी न पाहताच फेकला. मासिकांच्या रंगीत मुखपृष्ठांना ट्रान्सपरन्सी लागे, ती लाइट टेबलावर भिंग लावून पाहत. डिजिटल आल्यावर तर जाहिरातीच्या शूटला पार्टी कॅमेऱ्याला जोडलेल्या स्क्रीनसमोरच खुर्ची टाकून बसते आणि तिथल्या तिथे मान हलवते. फोटोशॉपमध्ये कॉन्टॅक्ट शीट काढायची एक सोय होती. सीएस-४ मधून ती काढली, लोकांनी कुरकुर केली, सीएस-६ मध्ये ती परत आली. लाइटरूममध्ये प्रिंटच्या भागात ती आजही आहे. वापरणारे थोडे.

पण या थोड्यांचं ऐकण्यासारखं आहे. स्क्रीनवर फोटो एकामागून एक येतात, त्यामुळे प्रत्येक फोटो एकटाच चांगला की वाईट ठरवावा लागतो. कागदावर वीस एकदम दिसतात आणि तुलना आपोआप होते: हा नको, त्याच्या शेजारचा बरा. कागद संपतो, ही दुसरी सोय. शेवटच्या पानावर काम झालं हे हाताला कळतं, फोल्डरमध्ये खाली सरकत राहण्याला तळ नसतो. आणि तिसरी, जी मराठी घरात सर्वांत महत्त्वाची: कागद जेवणाच्या टेबलावर पसरता येतो. आत्या एका टोकाला बसते, सासूबाई दुसऱ्या, आणि ‘नागपूरच्या मामांचा एकही फोटो घेतला नाहीत’ हे बोलणं अल्बम छापून आल्यावर होण्याऐवजी आधी होतं.

तेव्हा फोटोग्राफर मित्रांसाठी थोडं कामाचं. चार हजार फोटोंच्या शीट काढू नका. फिल्मच्या काळी सगळा रोल दाखवत, कारण रोल छत्तीसचा होता आणि प्रत्येक चौकटीला पैसे पडलेले असत. आज सगळंच्या सगळं दाखवणं म्हणजे आपलं काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणं. मिटलेले डोळे, हललेले हात, एकसारखे चाळीस, ही पहिली चाळणी तुमची. चारशेवर आणा. ए-४ कागदावर चार आडवे, पाच उभे असे वीस घेतले तर वीस पानं होतात. पाच आडवे घेतले तर प्रत्येक चौकट जवळजवळ फिल्मच्या कॉन्टॅक्टएवढीच होते, दिसायला देखणं दिसतं, पण आजोबांना त्यात कोण कोण आहे ते समजत नाही. उभे फोटो आडवे फिरवून बसवायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, ती बंद ठेवा. जुने लोक शीट हातात फिरवत, नवे लोक मान वाकडी करून कंटाळतात.

नंबरांचा घोळ सर्वांत आधी मिटवा. अनेक कॅमेऱ्यांचे आकडे ९९९९ नंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, आणि दोघांच्या दोन कॅमेऱ्यांत एकच नंबर सर्रास सापडतो. पार्टी ४३८७ कळवते, तुम्ही हळदीचा लावता, तिला पाठवणीचा हवा असतो. म्हणून दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं आधी जुळवा, सगळे फोटो वेळेच्या क्रमाने लावा, १ ते ४०० असे नवे नंबर द्या आणि ते फोटोखाली ठसठशीत छापा. फोटो पूर्ण चौकटीचा छापा, कापलेला नको. साध्या डिजिटल प्रेसवर छापलं तरी चालतं, फक्त प्रत्येक पानावर ‘रंग अंतिम नाहीत’ असं लिहा, नाहीतर शालूच्या रंगावरून पहिला फोन येतो. आणि कडेला बोटभर कोरी जागा सोडा. लोकांना लिहायचं असतं. ‘आजीचा हात दिसू दे’, ‘मागचा पंखा काढा’ अशा सूचना त्याच जागेत येतात, आणि डिझायनरला त्यांचाच उपयोग होतो.

माझं एवढंच म्हणणं आहे, की निवड हेही फोटोग्राफीतलंच काम आहे आणि ते दोघांत वाटलेलं आहे. पहिली फुली फोटोग्राफरने मारावी, कारण त्याला चित्र कळतं. शेवटची फुली ज्यांचा चेहरा आहे त्यांनी मारावी. मधल्या मध्ये नातेवाइकांना निळं आणि हिरवं पेन द्यायला हरकत नाही. लाल पेन नवरा-नवरीखेरीज कुणाच्या हाती देऊ नये.

वाचकांनो, घरात यंदा कार्य असेल तर फोटोग्राफर ठरवतानाच तीन गोष्टी बोलून घ्या. निवडलेल्या फोटोंच्या छापील शीट हव्यात, अल्बमच्या पैशांतच. फुली मारलेला फोटो कुठेही वापरायचा नाही, हे दोन ओळींत लिहून. आणि खुणा केलेल्या शीट अल्बमसोबत परत हव्यात. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि चांगल्या फोटोग्राफरांच्या तारखा त्याआधीच भरतात, तेव्हा हा फोन फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत करा.